शॉकअपचा बूट: तपासणी, निगा आणि बदल

पुढच्या चाकामागे वाकून पाहिले, तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या आत लोहाराच्या भात्यासारख्या घड्या असलेली एक काळी रबरी नळी दिसते. गॅरेजमध्ये तिला शॉकअपचा, म्हणजे खड्ड्यांचे धक्के शोषणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरचा, बूट म्हणतात. सुट्या भागांच्या दुकानात ती डस्ट कव्हर या नावानेही मिळते. ज्या शॉकअपचे ती रक्षण करते त्याच्या किमतीच्या तुलनेत तिची किंमत अगदीच किरकोळ असते. तरीही गाडी सर्व्हिसिंगला गेली की इंजिन ऑइल, फिल्टर आणि ब्रेक यांची विचारपूस होते आणि बुटाकडे मात्र शॉकअपमधून तेल गळू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. तेल गळू लागल्यावर बूट बदलून काहीही साधत नाही. म्हणून प्रत्यक्ष बदलण्याच्या कृतीइतकीच बूट बदलण्याची वेळ कशी ओळखावी, हीही गोष्ट येथे सविस्तर सांगितली आहे.

पुढील विवेचन पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या छोट्या मोटारींपुरते आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० मध्ये ब्रिटनमधील फोर्ड कॉन्सुल या गाडीत आली आणि आज आपल्या रस्त्यांवरील बहुतेक सर्व हॅचबॅक गाड्यांच्या पुढच्या बाजूला तीच आढळते. तिच्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात बसवलेली असतात आणि स्टिअरिंग फिरवले की तो खांबच चाकाबरोबर वळतो. त्यामुळे जागा वाचते आणि भागही कमी लागतात. मात्र एक साधा रबरी बूट बदलायचा म्हटले, तरी अख्खा खांब उतरवून दाबलेली स्प्रिंग सोडवावी लागते, ही त्याच सोयीची दुसरी बाजू होय.

एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. 'गाडीचा बूट फाटला आहे' असे मेकॅनिकने सांगितल्यावर कोणता बूट, हे विचारून घ्यावे. चाक फिरवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्यावरील बुटात ग्रीस भरलेले असते. तो फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले दिसते आणि ते काम लांबणीवर टाकता येत नाही. स्टिअरिंगच्या रॅकच्या दोन्ही टोकांना आणखी वेगळे बूट असतात. शॉकअपच्या बुटात ग्रीस नसते. त्यात शॉकअपच्या दांड्याभोवती फक्त हवा असते, आणि ती आतबाहेर जावी अशीच त्याची घडण असते.

बुटाच्या आत शॉकअपचा पोलादी दांडा असतो. त्यावर क्रोमचा अतिशय पातळ, आरशासारखा गुळगुळीत थर दिलेला असतो. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गाडी गेली की हा दांडा शॉकअपच्या नळीत शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. त्याच्या तोंडाशी असलेल्या सीलच्या रबरी ओठांनी दर वेळी त्यावरचे तेल पुसून आतच ठेवायचे असते. दांड्यावर वाळूचा एखादा कण चिकटला, तर तो सीलखालून घासत जातो आणि क्रोमवर बारीक चरा पाडतो. पुढे तो चराच कानशीसारखा सीलला कापू लागतो. याहून वाईट अवस्था पावसाळ्यानंतर येते. ओला चिखल दांड्यावर वाळून बसला की क्रोमच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या पोलादाला गंज धरतो, त्याचे टोचे वर येतात आणि सील थोड्याच काळात निकामी होते. तेल कमी झालेला शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही, त्यामुळे टायर ठिकठिकाणी खोलगट झिजतात आणि खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावताना चाकाची पकड कमी होते.

बुटाबरोबर आणखी एका भागाचा विचार करावा लागतो, तो म्हणजे बंप स्टॉपर. फेसाळ पॉलियुरेथेनचा हा पिवळसर किंवा काळा ठोकळा दांड्यावर वरच्या बाजूला ओवलेला असतो आणि शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर धातूवर धातू आदळू नये म्हणून असतो. उष्णता आणि दमटपणा यांमुळे तो काही वर्षांनी भुसभुशीत होतो. अनेक गाड्यांत बुटाचे वरचे टोक याच ठोकळ्याच्या खाचेत अडकवलेले असते. ठोकळ्याचा चुरा झाला की धडधाकट बूटही खाली घसरतो आणि दांडा वर उघडा पडतो. शिवाय तो चुरा सीलच्या तोंडाशी जाऊन बसतो तो वेगळाच. त्यामुळे बूट फाटला नाही म्हणून सगळे ठीक आहे, असे समजू नये. तो आपल्या जागी आहे का, हेही पाहावे.

तपासणी आणि निगा

वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास, ही तपासणी केलेली पुरते. ज्यांचे जाणे-येणे कच्च्या रस्त्याने, कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या धुळीतून किंवा उसाच्या हंगामात चिखल झालेल्या शेतरस्त्यांवरून होते, त्यांनी ती दर ५,००० किलोमीटरला करावी. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की त्या चाकामागे टॉर्च नेण्याइतकी जागा मिळते. गाडी जमिनीवर उभी असताना बूट दाबलेला असतो आणि भेगा घड्यांत लपतात. म्हणून एकदा तरी चाक जॅकने उचलून, गाडीखाली घोडी (गाडीचा भार पेलणारा लोखंडी स्टँड) लावून, बूट ताणलेल्या अवस्थेत पाहावा. भेगा घडीच्या शिरेपेक्षा तिच्या खोबणीत आधी पडतात. बोटांनी खालचे टोक थोडे वर सरकवले की दांडाही दिसतो: तो स्वच्छ आणि चकचकीत असेल तर समाधान मानावे, तपकिरी ठिपके असतील तर पुढचा खर्च बुटापुरता राहणार नाही हे ओळखावे.

तेलाच्या खुणेचा अर्थ नीट लावता आला पाहिजे. नळीच्या तोंडाजवळ तेलाचा अगदी पुसट, धूळ चिकटलेला थर असणे स्वाभाविक आहे, कारण सीलला वंगण मिळावे म्हणून तेवढे तेल बाहेर येतच असते. पण नळी खालपर्यंत ओली असेल, किंवा पुसून कोरडी केल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा ओली होत असेल, तर सील गेलेले आहे. अशा शॉकअपवर नवा बूट चढवणे म्हणजे गळक्या पिंपाला नवे झाकण लावणे.

निगा म्हणजे मुख्यतः काही गोष्टी न करणे. बुटाला धुण्यासाठी साधे पाणी, मऊ ब्रश आणि गरज पडल्यास सौम्य साबण पुरेसा आहे. वॉशिंग सेंटरमधला जोरदार दाबाचा फवारा अगदी जवळून बुटाच्या खालच्या तोंडावर मारू नये. तेथे हवा जाण्यासाठी ठेवलेल्या फटीतून चिखलाचे पाणी आत जाते आणि ते बाहेर यायला वेळ लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीखाली डिझेल किंवा जुने इंजिन ऑइल फवारून घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पत्र्याला त्याचा थोडाफार उपयोग होत असेलही, परंतु बूट, बुशिंग आणि इतर रबरी भाग खनिज तेलाने फुगतात, मऊ पडतात आणि पुढे फाटतात. म्हणून मी ती सेवा स्पष्टपणे नाकारतो. बूट टवटवीत ठेवायचा असेल तर रबरासाठी मिळणारा सिलिकॉनचा फवारा कापडावर घेऊन बाहेरून पुसावा. दांड्यावर मात्र काहीही लावू नये. ग्रीस लावल्याने दांडा सुरक्षित राहतो हा समज उलटा आहे, कारण चिकट ग्रीस येणारा प्रत्येक धूलिकण धरून ठेवते आणि सीलकडे नेऊन पोहोचवते.

फाटलेल्या बुटाला चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचे पट्टे बांधण्याचा उपायही टिकत नाही. बूट दर खड्ड्याला लांबतो आणि आखडतो, त्यामुळे चिकटपट्टी आठवड्याभरात सुटते. पट्टा आवळून हवेची वाट बंद केली, तर आतल्या हवेच्या दाबाने बूट फुगून नव्या ठिकाणी फाटतो. लोंबणारे तुकडे ओला चिखल दांड्याला चिकटवून ठेवत असतील, तर काम होईपर्यंत ते सांभाळून कापून टाकणे आणि दांडा मऊ कापडाने अधूनमधून पुसणे, एवढी तात्पुरती सोय मला योग्य वाटते.

बदलण्याची तयारी

दोन्ही बाजूंचे बूट एकाच वेळी बदलावेत, कारण एका बाजूचा फाटला असेल तर त्याच वयाचा दुसराही फार काळ टिकणार नाही. बुटांबरोबर दोन बंप स्टॉपर आणि दांड्याच्या टोकाचे दोन नवे सेल्फ-लॉक नट घ्यावेत. खांब वर ज्यावर बॉडीला बसतो ते रबरी माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग प्रत्यक्ष पाहून ठरवावे. भाग मागताना नुसते गाडीचे नाव सांगू नये, चॅसी क्रमांक द्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीची दोन पिढ्यांतली मापे वेगळी असू शकतात. 'हा सगळ्यांना बसतो' असे सांगून दिलेल्या बुटाची लांबी आणि दोन्ही तोंडांचा व्यास जुन्या बुटाशी ताडून पाहावा. आखूड बूट चाक लोंबकळले की वरच्या खाचेतून निसटतो. फाजील लांब बूट दाबला जाताना घड्या मोडून दांड्याला घासतो. रबर हाताने चुरगाळल्यावर पांढरट रेघा उमटत असतील, तर ती वस्तू परत करावी.

हत्यारांत गोटी पान्यांचा संच, रिंग पाने, षटकोनी एल-की, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकाच नट आवळणारा पाना), तारेचा ब्रश, गंज सैल करणारा फवारा, मजबूत जॅक, दोन घोड्या आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरची जोडी लागते. यांतल्या शेवटच्या वस्तूविषयी काटेकोर राहावे लागते. ९०० किलो वजनाच्या, इंजिन पुढे असलेल्या गाडीच्या प्रत्येक पुढच्या चाकावर अडीचशे किलोहून अधिक भार येतो आणि तो पेलणारी स्प्रिंग खांब उतरवल्यानंतरही दाबलेल्या अवस्थेतच असते. ती अचानक सुटली, तर हात किंवा चेहरा कायमचा जायबंदी होऊ शकतो. आटे झिजलेले, हुक वाकलेले किंवा दोरी-साखळीने जुळवलेले कॉम्प्रेसर वापरू नयेत. चांगला कॉम्प्रेसर हाताशी नसेल, तर खांब स्वतः उतरवावा आणि स्प्रिंग दाबणारे यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये नेऊन तेवढेच काम करून घ्यावे. मजुरी वाचतेच, शिवाय बूट खरोखर नवा बसला की नाही हे डोळ्यांसमोर दिसते.

खांब उतरवणे

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग गाडी उचलून, नेमून दिलेल्या जागी घोडी लावून, गाडीचा भार तिच्यावर सोडावा. काढलेले चाक आडवे करून दाराखालच्या चौकटीखाली सरकवून ठेवावे. घोडी कधी दगा देत नाही असे नाही, आणि त्या वेळी ते चाकच गाडीला अडवते.

सर्व बोल्टांवरची माती ब्रशने काढून फवारा मारावा आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. किनारपट्टीवरच्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने इतके धरलेले असतात की हे काम आदल्या रात्री केलेले उत्तम. त्यानंतर खांबावर अडकवलेला ब्रेकचा होज (लवचीक नळी) आणि एबीएसची वायर सोडवावी. लिंक रॉडचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या सळीला खांबाशी जोडणाऱ्या लहान दांडीचा) नट सोडताना त्याचा आटा नटाबरोबर फिरू लागतो; तेव्हा त्याच्या टोकाशी एल-की किंवा मागे पातळ पाना धरून तो अडवावा लागतो.

खांबाचे खालचे टोक दोन मोठ्या बोल्टांनी नकलला, म्हणजे चाकाला धरणाऱ्या जाड भागाला, जोडलेले असते. हे बोल्ट सोडण्यापूर्वी त्यांची डोकी आणि खांबाची कड नकलवर जेथे टेकते तेथे रंगाची रेघ मारून ठेवावी. चाकाचा उभा कल याच जोडावर ठरतो, आणि रेघ असेल तर जोडणी जुन्या जागेच्या जवळपास तरी बसवता येते. नट काढावेत, परंतु बोल्ट आत्ताच बाहेर ओढू नयेत. आधी बॉनेट उघडून वरच्या माउंटिंगचे दोन किंवा तीन नट सैल करावेत. येथे एक ताकीद आहे. माउंटिंगच्या मध्यभागी असलेला नट बहुतेक गाड्यांत स्प्रिंगला धरून ठेवतो, म्हणून स्प्रिंग दाबण्यापूर्वी त्याला हात लावायचा नसतो. काही गाड्यांत मात्र मध्यभागी एकावर एक असे दोन नट असतात, त्यांपैकी वरचा खांबाला बॉडीशी आणि खालचा स्प्रिंगला धरतो. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे दुरुस्ती-पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

माउंटिंगचा शेवटचा नट राहिला की एका हाताने खांब पेलावा, खालचे बोल्ट ओढून घ्यावेत आणि मग तो नट काढून खांब खाली घ्यावा. सुटलेला नकल बाहेर कलू देऊ नये. त्यामुळे ब्रेकच्या होजवर ताण येतो आणि ॲक्सलचा आतला सांधा निखळू शकतो. जाड तारेने तो बॉडीला बांधून ठेवावा.

बूट बदलणे

माउंटिंग, वरची बैठक (स्प्रिंगचे वरचे टोक जिच्यात टेकते ती वाटी), स्प्रिंग आणि नळी यांवर एका रेषेत रंगाचे ठिपके द्यावेत आणि मोबाइलवर सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. दोन्ही कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, शक्य तितकी जास्त वेटोळी पकडीत घेऊन लावावेत. एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन फेरे, अशा क्रमाने हातपान्यानेच आवळावे. स्प्रिंग एका अंगाला वाकू लागली तर थांबून, सैल करून पुन्हा लावावे. ती वरच्या बैठकीतून सुटून हाताने हलू लागली की पुरे. त्यापुढे उगाच दाबत नेऊ नये. या काळात खांबाचे टोक स्वतःच्या किंवा मदतनिसाच्या दिशेने ठेवू नये.

आता मध्यभागीचा नट सोडता येतो. दांडा फिरू नये म्हणून त्याच्या टोकाच्या खाचेत एल-की धरावी. दांडा पकडीने किंवा पाइप पान्याने धरणे हा गुन्हाच म्हणावा लागेल, कारण ज्या गुळगुळीत पृष्ठभागासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्यावरच दात उमटतात. नट निघाल्यावर माउंटिंग, बेअरिंग, वरची बैठक, बंप स्टॉपर आणि बूट ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवावेत.

दांडा स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून नख फिरवून पाहावा. नख अडले, गंजाचे टोचे जाणवले किंवा दांडा वाकलेला दिसला, तर दोन्ही बाजूंचे शॉकअप बदलणे हाच मार्ग उरतो. पॉलिश पेपरने घासून डाग गेला तरी क्रोमचा थरही जातो. दांडा ठीक असेल तर तो हाताने खाली दाबून वर ओढावा. पूर्ण चालीत सारखाच विरोध जाणवला पाहिजे, मध्येच मोकळी जागा लागता कामा नये. गॅस भरलेल्या शॉकअपचा दांडा सोडल्यावर आपोआप हळूहळू वर येतो. बेअरिंग हातात फिरवावे. ते खरखरत असेल, तर एवढे सगळे उघडलेले असताना ते बदलून टाकावे. स्टिअरिंग वळवताना येणारा कटकट आवाज बहुधा तेथूनच येत असतो, त्याचे खापर बुटावर फोडू नये.

नवा बंप स्टॉपर दांड्यावर चढवताना त्याचे निमुळते टोक बहुतेक गाड्यांत खाली, नळीच्या दिशेने असते. तरी जुन्याचा फोटो पाहून खात्री करावी. बुटाची वरची कड तिच्या खाचेत सर्व बाजूंनी नीट बसली आहे का, हे बोट फिरवून तपासावे. ही कड वर्तुळातल्या एका ठिकाणी जरी बाहेर राहिली, तरी काही दिवसांत बूट पूर्ण खाली येतो. कड सहज बसावी म्हणून साबणाच्या पाण्याचा हलका हात चालतो. बुटाचे खालचे टोक नळीच्या तोंडावर नुसते टेकते किंवा सैलसर बसते, आणि कंपनीनेच पट्टा दिलेला नसेल तर तेथे काहीही आवळू किंवा चिकटवू नये. बूट पिळला गेलेला नाही याची खात्री करून बैठक, बेअरिंग आणि माउंटिंग ठिपके जुळवत ठेवावेत.

स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या पायरीला टेकले पाहिजे; वरच्या बैठकीत तशी पायरी असेल तर तेथेही. नवा नट लावून पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावा. त्यासाठी एअर गन वापरल्यास दांडा सीलमध्ये गरगर फिरतो, म्हणून ती दूर ठेवावी. मग कॉम्प्रेसर पुन्हा आळीपाळीने, दोन-दोन फेरे करत सैल करावेत आणि स्प्रिंग आपल्या जागी बसताना डोळ्यांनी पाहावी.

जोडणी आणि नंतरची पाहणी

खांब परत चढवताना आधी वरचे नट हाताने लावावेत, मग खालचे बोल्ट रेघेवर आणून टॉर्क रेंचने आवळावेत. होज आणि एबीएसची वायर मूळ कड्यांत अडकवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, ती कोठे ताणली किंवा टायरला घासत नाहीत हे पाहावे. माउंटिंगचे नट आणि लिंक रॉड गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतर शेवटचे आवळावेत. चाकाचे नटही जमिनीवर, एकाआड एक या क्रमाने आवळावेत आणि सुमारे १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

खालचे बोल्ट सुटलेले असल्यामुळे रेघ कितीही अचूक जुळली तरी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी लागते. तोपर्यंत गाडी हळूच चालवून एखादा गतिरोधक ओलांडावा. ठक् असा आवाज आला, तर बहुधा माउंटिंगचा नट सैल राहिलेला असतो किंवा स्प्रिंगचे टोक पायरीवर बसलेले नसते.

मागच्या बाजूचे काम याहून पुष्कळ सोपे आहे. मारुती स्विफ्टसारख्या टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसवलेले असतात, त्यामुळे स्प्रिंग कॉम्प्रेसर लागत नाही. बीमला जॅकचा आधार देऊन वरचा नट आणि खालचा बोल्ट काढला की शॉकअप हातात येतो. बीमचा आधार मात्र काम संपेपर्यंत काढू नये, नाहीतर तो खाली झुकून ब्रेकच्या नळ्या ताणतो. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्याने मागच्या बुटांपासून सुरुवात करावी.